सशाची नखं: घरी कापावीत की दवाखान्यात?

आमच्या भडंगला (सांगलीत सशाचं नाव दुसरं काय ठेवणार?) नखं कापायला पहिल्यांदा नेलं ते भर चैत्रात, दुपारी. विश्रामबागेतून रिक्षा मिरजेच्या रस्त्याला लागेपर्यंत तो टोपलीत धापा टाकू लागला. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर सोडतो. ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. नखं पाच मिनिटांत कापून झाली, पण रात्रीपर्यंत त्यानं गवताला तोंड लावलं नाही. सशाचं पोट सतत चालतं राहावं लागतं. अर्धा दिवस काहीच खाल्लं नाही, लेंड्याही पडल्या नाहीत, तर डॉक्टरांकडे न्यायला थांबायचं नसतं.

म्हणून दवाखाना वाईट, असं नाही. तिथे हात सरावलेला असतो, रक्त आलं तर थांबवायची सोय असते, शिवाय डॉक्टर दात आणि तळपायही बघून घेतात. मात्र आपल्याकडे बऱ्याच डॉक्टरांचा हात गाई-म्हशी नाहीतर कुत्र्यांवर बसलेला. आधी फोनवर सरळ विचारा, “ससा बघता का?” आणि तिथे गेल्यावर धरण्याची पद्धत बघा. कोणी कान धरून उचलत असेल, तर ससा परत घ्या. उताणा करून निपचित पाडत असेल तरीही. उताणा ससा शांत झाल्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात तो भीतीनं थिजलेला असतो.

घरी कापायचं तर खरी भीती रक्ताची नाही, पाठीची आहे. सशाच्या मागच्या पायांत एवढी ताकद असते की अधांतरी धरलेला ससा लाथा झाडताना स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो. म्हणून जमिनीवर बसायचं, टॉवेलात सैलसर गुंडाळायचं, ढुंगणाखाली कायम आधार ठेवायचा आणि एका वेळी एकच पाय बाहेर काढायचा. दोन माणसं हवीतच. घरचा मोठा फायदा म्हणजे घाई नसते. नखं एकूण अठरा: पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचं अंगठ्याचं नख हमखास राहून जातं आणि वाढून वळतं. आज चार, उद्या चार कापली तरी चालतात.

जिव्हाळी, म्हणजे नखाच्या आतला रक्त असलेला जिवंत भाग, लागायला नको, हे सगळ्यांनाच माहीत असतं. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते. काळ्या नखामागे मोबाईलचा टॉर्च धरायचा, आणि तरीही दिसली नाही तर फक्त टोक उडवायचं. जिव्हाळीच्या दोन-तीन मिलिमीटर अलीकडेच थांबा. लागलीच तर कॉर्नफ्लॉर लावून स्वच्छ कापसानं काही मिनिटं दाबून धरा. सांगलीत हळदीला तोटा नाही, पण पांढऱ्या पायाचा पिवळा रंग आठवडाभर पुसत बसाल. काम दाबण्यानंच होतं. दहा मिनिटांत थांबलं नाही तर मात्र डॉक्टरांकडे.

हत्यारांत मला फारशी निवड वाटत नाही. माणसांचं नेलकटर पिल्लाच्या नखाला पुरतं, मोठ्या सशाचं गोल नख त्यात चेपतं आणि चिरतं. भोकात नख अडकवून कापायच्या कटरमध्ये काळं नख नेमकं कुठे कापतोय ते दिसत नाही. विजेवरचं घासायचं यंत्र आवाज करतं आणि थरथरतं, ते ससा कशाला सहन करेल? मांजरासाठी मिळते ती छोटी, धार असलेली कात्री घ्या.

घरात एकटेच असाल, ससा हात लावू देत नसेल किंवा अठराही नखं काळी असतील, तर दवाखानाच बरा. उन्हाळ्यात सकाळी लवकरची वेळ मागून घ्या. बाकीच्यांनी पहिली खेप दवाखान्यात करावी, धरायचं कसं ते नीट बघून घ्यावं आणि मग घरी सुरुवात करावी. साधारण चार ते सहा आठवड्यांनी नखं कापायची वेळ येते. सिमेंटच्या फरशीवर नखं आपोआप झिजतील या भरवशावर राहू नका. सशाच्या तळव्याला गादी नसते, नुसते केस असतात. वाढलेल्या नखांनी भार मागे टाचेवर जातो आणि कडक फरशीवर तिथे फोड येतात.

आमच्याकडे सासूबाई धरतात, मी कापते. पुढचे पाय एका संध्याकाळी, मागचे दुसऱ्या. झालं की तासगावचा बेदाणा, गोड असतो म्हणून एकच. दुसऱ्यासाठी भडंग सासूबाईंच्या पदराला तोंड लावून बघतो.