लोणावळा–ताम्हिणी की वेल्हे–केळद–भोर? फोर बाय फोरच्या एका दिवसासाठी

पुण्यातून पहाटे निघायचं, दिवसभर सह्याद्रीच्या धारेच्या आसपास गाडी चालवायची आणि रात्रीच्या जेवणाला घरी यायचं, असं ठरलं की माझ्या ओळखीच्या मंडळींत शेवटी दोनच फेऱ्यांवर चर्चा येते. पहिली लोणावळा, कोरीगड, तैलबैला, भांबर्डे, पिंपरी, निवे, ताम्हिणी, मुळशी. दुसरी पाबे घाट, वेल्हे, केळद, मढे घाटाचा माथा, केळद खिंड, भुतोंडे, भोर. दोन्ही साधारण दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर बसतात. दोन्ही मी वेगवेगळ्या ऋतूंत केल्या आहेत. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी तुमच्याकडे आहे आणि फोर-लो (जास्त जोराचा, कमी वेगाचा गिअर) कधी टाकायचा हे तुम्हाला माहीत आहे असं धरून लिहितो.

नुसत्या देखाव्याचं बोलायचं तर पहिली फेरी पुढे आहे, हे आधीच मान्य करतो. पेठ शहापूरला कोरीगडाची तटबंदी रस्त्यावरूनच दिसते. सालतर खिंड ओलांडून तैलबैल्याच्या फाट्याकडे येताना समोर उभ्या कातळाच्या त्या दोन भिंती येतात, पावाची लादी मधोमध तोडून उभी ठेवावी तशा. मागे पश्चिमेला सुधागड. भांबर्ड्याजवळ घनगड आणि नवरा-नवरीचे सुळके. पुढे पिंपरीच्या तलावापाशी अंधारबनची वाट सुरू होते आणि जरा पुढे गेलं की कुंडलिकेची दरी पायाखाली उघडते. पावसाळ्यात तिथं ढग खालून वर येतात आणि पाच मिनिटांत पुन्हा सगळं मोकळं होतं. इतका थेट कडा इतक्या सहज गाडीतून दिसावा, असा दुसरा रस्ता मला तरी पुण्याजवळ माहीत नाही.

मुळशीचं पाणी उजव्या-डाव्या हाताला येऊ लागतं तेव्हा या फेरीला आणखी एक अर्थ मिळतो. १९२१ साली सेनापती बापटांनी ज्या धरणाविरुद्ध मावळातल्या शेतकऱ्यांना उभं केलं, ते हेच पाणी. घाटमाथ्यावर अडवून ते खाली भिऱ्याच्या वीजघराकडे सोडलं जातं आणि तिथून कुंडलिकेत जातं. सकाळी पिंपरीच्या कड्यावरून ज्या नदीची दरी पाहिली, तिच्यातच हे पाणी जातं हे लक्षात आलं की पुढचा रस्ता वेगळा दिसतो.

तरीही मी हल्ली ती फेरी शनिवार-रविवारी करत नाही. कारण एकच, लोणावळा ते घुसळखांब हा सुरुवातीचा तुकडा. भुशी धरणाच्या अलीकडेच गाड्यांची रांग लागते ती लायन्स पॉइंट मागे पडेपर्यंत सुटत नाही. चढावर पहिला गिअर, अर्धा क्लच, दहा फूट पुढे, पुन्हा थांबा. मॅन्युअल गाडी आणि जाड टायर असतील तर डावा पाय काय म्हणतो ते विचारू नका. पुढच्या गाडीचे स्पीकर, मागच्याचा हॉर्न, मधून कणसं विकणारी मुलं जीव मुठीत धरून पळताहेत. हे सगळं सोसून घुसळखांबला पोचेपर्यंत सकाळचं धुकं संपलेलं असतं, आणि ज्या उजेडासाठी पहाटे उठलो तो उजेड आपण रांगेत घालवलेला असतो. मला त्रास गर्दीचा नाही, लोक येणारच. त्रास याचा की दिवसातला सगळ्यात चांगला वेळ तिथंच खर्च होतो आणि उरलेला दिवस मागे पडलेलं वेळापत्रक गाठण्यात जातो. तैलबैल्याला थांबायचं तर अंधारबन सोडा, पिंपरीला थांबायचं तर मुळशीला अंधार.

उलट्या दिशेनं, म्हणजे ताम्हिणीकडून सुरुवात करून पाहा, असं काही जण सुचवतात. सकाळ खरंच सुधारते. पण मग संध्याकाळी थकलेल्या अंगानं लोणावळ्यात उतरायचं असतं आणि तीच रांग तेव्हा दुप्पट झालेली असते. शिवाय ३० जून २०२४ ला भुशी धरणामागे एका कुटुंबातली माणसं वाहून गेली, त्यानंतर पावसाळ्यात या भागात वेळेची बंधनं आणि मनाई आदेश आले. ते असायलाच हवेत असं माझं मत आहे, पण दिवस आखताना धरावे लागतात.

आता दुसरी फेरी. खडकवासला मागे टाकून खानापूरहून पाबे घाट चढलात की खिंडीत गाडी थांबवा. समोर डावीकडे राजगड, उजवीकडे तोरणा, दोन्ही एका नजरेत. सात-साडेसातला तिथं असलात तर बहुतेक वेळा तुम्ही आणि दोन-चार सायकलवालेच असता. वेल्ह्यात मिसळ खाऊन (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, गाव वेल्हेच) केळदकडे निघायचं. तोरणा बराच वेळ सोबत राहतो, दर वळणाला त्याचा आकार बदलतो.

फोर बाय फोरचं खरं काम मला इथंच जास्त पडलं. जुलैत चिखलणी चालू असते. खाचरातून बाहेर पडलेले ट्रॅक्टर डांबरावर चिखलाचा थर सोडून जातात आणि चढावर साधी गाडी जागच्या जागी फिरायला लागते. अशा वेळी फोर-हाय (चारही चाकं, पण नेहमीच्या वेगाचे गिअर) टाकून, वेग न वाढवता गेलं की गाडी चालत राहते. केळद खिंड उतरताना मी फोर-लो आणि पहिला गिअर ठेवतो, ब्रेकला पाय लावायची वेळ क्वचित येते. पहिल्या फेरीत सालतर ते भांबर्डे पट्ट्यात जे लागतं ते मुख्यतः उखडलेलं डांबर. त्याला चांगलं सस्पेन्शन पुरतं. अर्थात प्रत्येक पावसाळ्यानंतर रस्ते बदलतात, त्यामुळे हा माझ्या अनुभवापुरता हिशेब समजा.

मढे घाटाच्या माथ्यावर लक्ष्मी धबधबा कोकणात कोसळतो. सिंहगड घेतल्यावर तानाजी मालुसऱ्यांचा देह उमरठला याच घाटानं नेला, असं परंपरा सांगते. गाडी गावाशीच ठेवून चालत जा. कर्णवडीकडे उतरणारी वाट दिसते तिथं बसलं की खालचं कोकण पायरीपायरीनं उलगडतं. पिंपरीइतका सरळ तुटलेला कडा नाही हा, पण इथं एक तास बसायला मिळतो. पावसात इथंही बंदी लागू होते, आदल्या दिवशी चौकशी करूनच निघा. केळदमध्ये आधी सांगून ठेवलं तर घरगुती पिठलं-भाकरी मिळते.

खिंडीपलीकडे वेळवंड खोरं. भुतोंडे हे येसाजी कंकांचं गाव, आणि पुढे भोरपर्यंत साथ करणाऱ्या भाटघरच्या पाण्याला त्यांचंच नाव आहे. डाव्या हाताला राजगडाची संजीवनी माची मागून दिसते. गुंजवण्याकडून राजगड चढलेल्यांना ही बाजू नवी असते. दुपारनंतरचं ऊन त्या माचीवर आडवं पडतं तेव्हा मी प्रत्येक वेळी गाडी बाजूला घेतली आहे.

आणखी एक गोष्ट मला मनापासून लागते. कोरीगड-तैलबैला भागात रस्त्यालगत मोकळे सडे, म्हणजे कातळाची सपाट पठारं आहेत आणि फोर बाय फोर हातात असली की लोक त्यावर गाडी घालतात. सड्यावरची माती बोटभर जाडीची असते. पावसाळ्यात उमटलेली चाकोरी सहजी भरून येत नाही आणि सप्टेंबरात जिथं सोनकी-तेरडा फुलायचा तिथं पाण्याचा ओहळ होतो. कृपा करून रस्ता सोडू नका. केळदच्या बाजूला खाचरं आणि रान रस्त्याला इतकं चिकटून आहे की हा मोहच होत नाही.

वेल्हे फेरीची खोट शेवटी आहे. भोरहून कापूरहोळला सातारा रस्त्याला लागलात की रविवारी संध्याकाळी खेड शिवापूरच्या टोलनाक्यापाशी अडकता. पण तोवर दिवस पाहून झालेला असतो, म्हणून मला ते तितकं बोचत नाही.

पाहुणे पहिल्यांदाच सह्याद्री बघायला आलेत आणि तुम्हाला बुधवार-गुरुवारची सुट्टी मिळतेय, तर बिनधास्त लोणावळा–ताम्हिणी करा. ताम्हिणीकडून सुरू करा आणि पिंपरीला नऊच्या आत पोचा. सुट्टी शनिवार-रविवारचीच असेल तर मी वेल्ह्याकडेच वळेन. इंधन खडकवासल्याच्या बाजूलाच भरून घ्या, नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा कारण केळदच्या आसपास नेटवर्क जातं, आणि केळद खिंड चारच्या आत ओलांडा म्हणजे संजीवनी माची उजेडात मिळेल.