पुण्याचे विमा लोकपाल कार्यालय: फेटाळलेल्या अपंगत्वाच्या दाव्यावर दाद

वैयक्तिक अपघात विम्याचा अपंगत्वाचा दावा कंपनीने फेटाळला, की लोक वकील गाठतात किंवा नाद सोडून देतात. त्यापूर्वी विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकून निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, अर्ज करून पाहावा, असे मी थोरल्या बंधूंच्या प्रकरणावरून आग्रहाने सुचवीन. कोल्हापुरातील छापखान्यात कागद कापण्याच्या यंत्रात त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा मुळापासून गेला. दावा नाकारणाऱ्या पत्रात कारण एका ओळीचे होते: प्रमाणपत्रावरील अपंगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी असल्याने दावा देय नाही.

हे कारण वाचायला पटण्याजोगे वाटते, आणि मेख तिथेच आहे. ४० टक्क्यांची अट २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातली असून ती सरकारी सवलती व आरक्षणासाठी आहे. अपघात विम्याच्या पॉलिसीत मात्र कोणता अवयव गमावल्यास विमा रकमेचा किती हिस्सा द्यायचा, याचा स्वतंत्र तक्ता छापलेला असतो. बंधूंच्या पॉलिसीतील तक्त्यात अंगठ्याची दोन्ही पेरे गेल्यास २५ टक्के, असे स्वच्छ लिहिले होते.

लोकपालांकडे थेट जाता येत नाही. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी लागते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर पुढील एका वर्षाच्या आत लोकपालांकडे अर्ज करता येतो. शुल्क नाही, वकील लागत नाही. किंबहुना वकिलाला तिथे उभेच राहू देत नाहीत, आणि माझ्या मते या सेवेचा खरा लाभ हाच आहे, कारण त्यामुळे कंपनीच्या माणसासमोर सामान्य माणूस बरोबरीने बसतो. अर्ज ऑनलाइन भरला आणि सुनावणीही व्हिडिओद्वारे झाली, त्यामुळे पुण्यात नारायण पेठेतल्या लोकपाल कार्यालयापर्यंतचा प्रवास वाचला.

सुनावणीत अधिकाऱ्यांनी कंपनीच्या प्रतिनिधीला विचारले, की ४० टक्क्यांची अट पॉलिसीच्या कोणत्या कलमात आहे, ते वाचून दाखवा. प्रतिनिधीने बराच वेळ पाने उलटली आणि अखेर ‘अंतर्गत मार्गदर्शक सूचना’ असे काहीसे पुटपुटले. त्यानंतर बंधूंना फार बोलावे लागले नाही. निवाडा तक्त्याप्रमाणे झाला आणि रक्कम खात्यात जमा झाली.

मर्यादाही सांगायला हव्यात. लोकपाल ५० लाख रुपयांपर्यंतच निवाडा देऊ शकतात, आणि भरपाई प्रत्यक्ष नुकसानीपलीकडे जात नाही. मनस्तापाचे मोल मिळेल, या आशेने तिथे जाऊ नये. तेच प्रकरण ग्राहक आयोगात आधीच दाखल असेल, तर इथे दार बंद. मात्र निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तक्रारदारावर नसतो. त्यामुळे तो न पटल्यास आयोगाचा मार्ग पुढेही मोकळा राहतो.

अर्जासोबत नकाराचे पत्र, तक्त्यासह संपूर्ण पॉलिसी (केवळ पहिले पान नव्हे), रुग्णालयातून सुटी मिळाल्याचा कागद आणि अपंगत्व ‘कायमस्वरूपी’ असल्याचा स्पष्ट उल्लेख असलेले प्रमाणपत्र जोडावे. हा शब्द प्रमाणपत्रात नसेल, तर तो आधी लिहून घ्यावा, मगच अर्ज भरावा.