हायब्रिड की मोठी पारंपरिक गाडी : पर्यावरणाचा हिशेब काय सांगतो?

मोठी पेट्रोल किंवा डिझेल एसयूव्ही घ्यावी की इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली हायब्रिड, असा विचार करणाऱ्याला दोन टोकांची मते ऐकायला मिळतात. हायब्रिड घेतली की आपल्या वाट्याचे प्रदूषण संपले, असे काहींना वाटते. तर बॅटरी बनवण्यापासून ती मोडीत काढण्यापर्यंतचा सगळा हिशेब धरला तर हायब्रिडच अधिक हानिकारक ठरते, असे इतर काही जण ठामपणे सांगतात. दुसरे मत चुकीचे आहे आणि पहिले अर्धवट आहे. दोन्ही का टिकत नाहीत हे समजून घेतल्याशिवाय एवढ्या मोठ्या खरेदीचा निर्णय घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

दुसऱ्या मताला सर्वाधिक बळ मिळाले ते सीएनडब्ल्यू मार्केटिंग रिसर्च या अमेरिकी संस्थेच्या २००६ सालच्या अहवालामुळे. गाडीच्या पूर्ण आयुष्याचा विचार केला तर टोयोटा प्रियस या हायब्रिडपेक्षा हमर ही अवाढव्य एसयूव्ही कमी ऊर्जा खाते, असा त्याचा निष्कर्ष होता आणि तो जगभर पसरला. मात्र हमर एच१ सुमारे ३,७९,००० मैल चालेल आणि प्रियस १,०९,००० मैलांतच निकामी होईल, असे त्यात गृहीत धरले होते. म्हणजे एका गाडीच्या निर्मितीचा भार सहा लाख किलोमीटरांवर वाटला गेला आणि दुसरीचा जेमतेम पावणेदोन लाखांवर. २००७ साली पॅसिफिक इन्स्टिट्यूट या अमेरिकी संशोधन संस्थेने या मांडणीतील दोष उघड केले. पुढे २०११ साली कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकी ग्राहक मासिकाने २००२ सालची, २,०८,००० मैलांच्या आसपास चाललेली प्रियस तपासली. तिचे मायलेज दहा वर्षांपूर्वी तपासलेल्या जवळपास नव्या गाडीइतकेच भरले.

प्रियसच्या बॅटरीत निकेल लागते, म्हणून याच वादात कॅनडातील सडबरीच्या निकेल खाणींचेही उदाहरण दिले जाते. तिथले काळवंडलेले खडक आणि उजाड माळ हे प्रियसच्या बॅटरीचे पाप आहे, असे सांगितले गेले. सडबरीत निकेलचे खनिज वितळवण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला आणि त्यातून निघालेल्या सल्फर डायऑक्साइडने तिथली झाडी अनेक दशके मारली. तो वायू उंचावर सोडण्यासाठी १९७२ साली तिथे ३८१ मीटर उंचीची चिमणी उभी राहिली, तर १९७८पासून जमीन पुन्हा हिरवी करण्याचे काम सुरू झाले. पहिली प्रियस विकली गेली ती १९९७च्या डिसेंबरात. खाणकामाचे दुष्परिणाम खरे आहेत आणि त्याविषयी बोललेच पाहिजे, पण जे नुकसान आधीच झालेले होते ते नंतर आलेल्या गाडीच्या नावावर टाकता येत नाही.

आता प्रत्यक्ष गाडीकडे वळू. सिग्नलला थांबलेल्या मोठ्या गाडीचे इंजिन सुरू असेल, तर एक मीटरही पुढे न सरकता ते इंधन जाळत राहते. शेजारच्या हायब्रिडचे इंजिन मात्र बंद झालेले असते. ब्रेकवर पाय पडताच तिची मोटर जनित्रासारखी काम करू लागलेली असते, आणि एरवी ब्रेकच्या चकत्या तापवून वाया गेली असती त्यातली बरीचशी ऊर्जा बॅटरीत जमा झालेली असते. दिवा हिरवा झाला की त्याच विजेवर गाडी हलते आणि गरज पडल्यावरच इंजिन जागे होते. यामुळे ब्रेकही कमी झिजतात, म्हणजे त्यांची हवेत जाणारी भुकटीही घटते. एका वेगाने जाणाऱ्या महामार्गावर मात्र ब्रेक क्वचितच लागतो आणि परत मिळवण्याजोगी ऊर्जाच फारशी नसते. तिथे हायब्रिडचा फायदा आखडतो. ज्याचा बहुतेक प्रवास मोकळ्या लांब रस्त्यांवर आहे, त्याने जाहिरातीतील शहरी मायलेजवर निर्णय घेऊ नये.

हिशेब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पाऊण किलो वजनाच्या इंधनातून एवढा वायू निघतो, कारण त्यातला कार्बन हवेतील ऑक्सिजनशी जोडला जातो. लिटरला ८ किलोमीटर जाणारी मोठी पेट्रोल गाडी दोन लाख किलोमीटरांच्या आयुष्यात २५,००० लिटर पेट्रोल जाळेल, म्हणजे साडेसत्तावन्न टन कार्बन डायऑक्साइड. लिटरला २० किलोमीटर जाणारी हायब्रिड १०,००० लिटर जाळेल, म्हणजे २३ टन. फरक साडेचौतीस टनांचा आहे. प्रियससारख्या साध्या हायब्रिडची बॅटरी साधारण १.३ किलोवॅट-तास क्षमतेची, म्हणजे अगदी लहान असते. तिच्या निर्मितीच्या नावावर सढळ हाताने काही शे किलो धरले, तरी या फरकापुढे ते किरकोळच ठरतात.

मोठ्या गाडीची तुलना आकाराने लहान असलेल्या हायब्रिडशी केल्यावर उत्तर असे निर्विवाद येते. पण ही बचत निव्वळ हायब्रिड यंत्रणेची नसते, आकार आणि वजन यांचाही तिच्यात मोठा वाटा असतो, आणि निर्णय घेणारा नेमका इथेच फसतो. शेव्हरोलेने २००८च्या मॉडेलात टाहो या प्रचंड एसयूव्हीची हायब्रिड आवृत्ती आणली आणि अमेरिकेतील ‘ग्रीन कार ऑफ द इयर’ हा पुरस्कारही तिला मिळाला. सरकारी चाचणीत तिचे मायलेज लिटरला सुमारे ९ किलोमीटर होते. त्याच काळातील प्रियसचे होते साडेएकोणीस. साध्या टाहोपेक्षा ती बरी होती, यात शंका नाही, परंतु कोणतीही साधी छोटी पेट्रोल गाडी तिच्यापेक्षा कमी इंधन जाळत होती.

तरीही मोठ्या गाड्या हायब्रिड करण्याचा उपयोग कमी लेखू नये. मायलेजचे आकडे इथे आपली दिशाभूल करतात. लिटरला ६ किलोमीटर जाणारी गाडी १० जाऊ लागली तर दर १०० किलोमीटरांमागे साडेसहा लिटरांहून अधिक इंधन वाचते. १५ची २५ झाली तर वाचते जेमतेम पावणेतीन लिटर. म्हणून गाड्यांची तुलना करताना ‘१०० किलोमीटरांना किती लिटर’ हाच प्रश्न विचारावा. ज्याला सात माणसांसाठी किंवा अवजड ओझ्यासाठी मोठी गाडी खरोखरच लागते, त्याने तिचीच हायब्रिड आवृत्ती घेतली तर बचत भरीव होते.

माणसांचा हिशेबही सोडून चालणार नाही. लिटरला ८ किलोमीटर जाणाऱ्या गाडीत रोज सात जण बसत असतील, तर एका लिटरमागे ५६ प्रवासी-किलोमीटर पडतात. हायब्रिडमध्ये एकटाच चालक असेल तर २०. अर्थात, मोठी गाडी घेणाऱ्याने वर्षातून किती दिवस सातही जागा भरतात हे प्रामाणिकपणे मोजायला हवे. दोन-चार कौटुंबिक सहलींसाठी उरलेले तीनशे साठ दिवस रिकाम्या रांगा ओढत नेणे मला तरी पटत नाही.

प्लग-इन हायब्रिडची, म्हणजे बाहेरून वीज जोडून चार्ज करायच्या हायब्रिडची, गोष्ट वेगळी आहे. ती रोज चार्ज केली आणि प्रवास तिच्या विजेवरच्या पल्ल्यात बसला तर उत्तम. एरवी मोठ्या बॅटरीचे वजन वाहणारी ती एक पेट्रोल गाडीच राहते. २०२४ साली युरोपीय आयोगाने प्रत्यक्ष वापराची आकडेवारी मांडली, तेव्हा या गाड्यांचे उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्याच्या साधारण साडेतीन पट निघाले. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांत ही तफावत सुमारे २० टक्के होती. ज्याच्याकडे गाडी उभी करायच्या जागी चार्जिंगची सोय नाही, त्याने साधी हायब्रिड घ्यावी. ४८ व्होल्टच्या ‘माइल्ड’ हायब्रिडमध्ये छोटी मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते, त्यामुळे बचत इतकी मर्यादित असते, की केवळ तिच्यासाठी मोठी गाडी निवडण्यात अर्थ नाही.

दारात चालती मोठी गाडी असेल, तर वर्षाचे किलोमीटर आधी पाहावेत. नव्या गाडीच्या निर्मितीसाठी सात टन कार्बन डायऑक्साइड धरला आणि वरचेच ८ आणि २० किलोमीटरचे मायलेज घेतले, तर वर्षाला १२,००० किलोमीटर चालवणाऱ्याची भरपाई साडेतीन वर्षांत होते. वर्षाला ३,००० किलोमीटरच चालवणाऱ्याला त्यासाठी तेरा वर्षांहून अधिक काळ लागतो. शिवाय विकलेली जुनी गाडी बहुधा दुसऱ्या कोणाकडे धावतच राहते. त्यामुळे रोज शहराच्या गर्दीत गाडी काढणाऱ्याने बदल लवकर करावा, आणि जिची गाडी आठवड्यातून एकदाच बाहेर पडते, त्या व्यक्तीने तीच नीट राखून, चाकांतील हवा तपासत, आणखी काही वर्षे वापरावी.