मंदासाठी समुद्रफेन : आठ महिने वापरल्यावर

रात्री दिवे मालवले की मंदाच्या काचपेटीतून करकर ऐकू येते, पाटीवर पेन्सिल घासावी तशी. मंदा ही माझी जायंट आफ्रिकन गोगलगाय. जिभेवरच्या हजारो बारीक दातांनी ती समुद्रफेन खरवडत असते. हा आवाज ऐकला की मला गाढ झोप लागते.

समुद्रफेन म्हणजे माकुळाच्या अंगातलं पांढरं, हलकं कवच. पक्ष्यांच्या पिंजऱ्यात अडकवायला 'कटलबोन' नावाने मिळतं तेच. मंदा माझ्याकडे आली तेव्हा तिच्या शंखाचं टोक सोललेलं होतं आणि तोंडाची कड इतकी पातळ, की उचलायची भीती वाटे. अंड्याच्या टरफलांची पूड काकडीवर भुरभुरून पाहिली, पण ती नेमकी पुडीची जागा टाळून खायची. समुद्रफेन नुसतं ठेवून द्यायचं. शंखाला लागणारा चुना, म्हणजे कॅल्शियम, किती हवा, ते तिचं तीच ठरवते.

एरवी एक तुकडा पाच-सहा आठवडे पुरतो. मे महिन्यात मात्र चार दिवसांत अर्धा संपला, आणि मागोमाग मातीत पिवळसर अंडी सापडली, 187! ती एकटीच राहते, पण या गोगलगायी आधीच्या मिलनातले शुक्राणू महिनोन्‌महिने साठवून ठेवतात. अंड्यांनाही चुन्याचं कवच असतं, म्हणून ती भूक. अंडी मी दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवली, मगच टाकली. जड गेलं. पण ही जात जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 आक्रमक जीवांच्या यादीत आहे. एकही पिल्लू बागेत जाता कामा नये. अमेरिकेत तर ती परवान्याशिवाय पाळताच येत नाही, तेव्हा आणण्याआधी आपल्याकडचा कायदा पाहा.

तक्रारी आहेतच. मागची बाजू कडक आणि धारदार असते, मंदा तिला तोंड लावत नाही. मी ती सोलून काढते. धातूची क्लिपही काढावी लागते. ओल्या मातीवर ठेवलं तर आठवड्यात बुरशी धरते, म्हणून चपट्या दगडावर ठेवते. रंगीत किंवा वासाचे तुकडे घेऊ नका. आणि साधा तुकडाही आधी दोन-तीन पाण्यांत भिजवा: मिठाचा अंश राहिला तर गोगलगायीला तो घातक. हे पाकिटावर लिहिलेलं नव्हतं, याचा मला खरंच राग आहे.

सोललेलं टोक तसंच आहे. शंख फक्त तोंडाच्या कडेलाच वाढतो, त्यामुळे जुनी जखम कशानेच भरत नाही. पण कडेला आता बोटभर रुंद नवी पट्टी आलीय, गडद तपकिरी रेघांची. परवा हात धुऊन, ओले करून मंदाला काचेवरून उचललं, तेव्हा ती पट्टी बोटांना टणक लागली.