जुन्या ऑक्टाव्हियाच्या स्टीरिओला आयपॉड जोडणारा अ‍ॅडॉप्टर : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

माझ्याकडे 2004 सालची स्कोडा ऑक्टाव्हिया डिझेल आहे आणि तिच्यात कंपनीने बसवून दिलेला रेडिओ-कॅसेटचा मूळ स्टीरिओ अजून उत्तम चालतो. दुसरीकडे 160 जीबीचा एक आयपॉड क्लासिक आहे, ज्यात मी अनेक वर्षे खपून सीडींवरून उतरवून घेतलेले शास्त्रीय संगीत आहे. या दोन जुन्या पण धडधाकट वस्तू एकमेकींना जोडाव्यात एवढीच माझी इच्छा होती. मी मिरजेत राहतो आणि महिन्यातून दोनदा पुण्याला जातो. जाऊन-येऊन पावणेपाचशे-पाचशे किलोमीटरच्या त्या प्रवासात निवांत गाणे ऐकायला मिळते, आणि तसे ते मला घरीही मिळत नाही. गेल्या डिसेंबरात अ‍ॅडॉप्टर बसवला, त्यानंतर गाडी सुमारे 12,000 किलोमीटर चालली. त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

स्टीरिओच बदलून टाका, असा सल्ला मला अनेकांनी दिला. तो चुकीचा नाही, पण या गाडीच्या मूळ स्टीरिओचा आवाज भरदार आहे, त्याची बटणे न बघता हाताला सापडतात आणि डॅशबोर्डला तो शोभतो. त्यामुळे तो काढून टाकण्याची माझी तयारी नव्हती. ब्लूटूथचा पर्यायही होता, परंतु मोबाइलवर फोन आला की गाणे तुटते. पाऊण तासाचा ख्याल ऐकताना बढतीच्या, म्हणजे राग टप्प्याटप्प्याने फुलवण्याच्या, मध्येच असे झाले, तर पुन्हा त्या जागी मन लागत नाही.

अ‍ॅडॉप्टरच्या आधी मी दोन स्वस्त उपाय करून पाहिले. पहिला एफएम ट्रान्समीटर. हे यंत्र आयपॉडचा आवाज एफएमच्या लहरींवर टाकते आणि गाडीचा रेडिओ तो पकडतो. मिरजेतून निघताना एफएमवर मोकळी असलेली जागा कात्रजचा बोगदा ओलांडून पुण्यात उतरताच मोकळी राहत नाही. तेथे 91.1 पासून 101 पर्यंत केंद्रांची दाटी आहे, आणि शेजारच्या केंद्राची खरखर आपल्या गाण्यात मिसळते. शिवाय एफएमवर 15 किलोहर्ट्झच्या वरचा आवाज जातच नाही, त्यामुळे तानपुऱ्याच्या जवारीची, म्हणजे तारांच्या झंकाराची, चमक मंदावते. दुसरा उपाय कॅसेटच्या आकाराच्या अ‍ॅडॉप्टरचा. तो ट्रान्समीटरपेक्षा बरा निघाला, पण कॅसेट फिरवणाऱ्या यंत्रणेची घरघर सतत मागे ऐकू येत राहिली.

मग तिसरा मार्ग निवडला. त्या काळच्या स्कोडा आणि फोक्सवागन गाड्यांच्या अनेक स्टीरिओंना मागच्या बाजूला सीडी चेंजरसाठी जागा ठेवलेली असते. सहा सीडींचा तो चेंजर डिकीत किंवा सीटखाली बसवायचा आणि त्याची वायर स्टीरिओच्या पाठीमागच्या सॉकेटमध्ये खोचायची, अशी मूळ योजना होती. हे सॉकेट पिवळ्या, हिरव्या आणि निळ्या अशा तीन भागांचे असते. त्यातला निळा, आठ पिनांचा भाग चेंजरचा. त्यातल्या तीन पिनांवरून स्टीरिओ आणि चेंजर यांचे बोलणे चालते, दोन पिना विजेच्या असतात, आणि उरलेल्या तीन पिना आवाजाच्या, म्हणजे डावा, उजवा आणि त्या दोघांचा सामाईक अर्थ (अर्थिंगची जोडणी). मी घेतलेला अ‍ॅडॉप्टर तळहातावर मावेल एवढा एक डबा आहे. तो निळ्या सॉकेटमध्ये बसतो आणि ‘मी चेंजर आहे’ असे स्टीरिओला भासवतो. त्याची दुसरी वायर आयपॉडच्या तळाशी असलेल्या 30 पिनांच्या खाचेत जाते. तेथून मिळणारा आवाज हेडफोनच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून न येता थेट ठरावीक पातळीवर येतो. त्यामुळे आवाज कमी-जास्त करण्याचे काम एकट्या स्टीरिओकडे राहते, आणि गुणवत्तेतला फरक पहिल्याच दिवशी कानाला जाणवतो. अ‍ॅडॉप्टर 4,200 रुपयांना पडला आणि बसवण्याचे 800 रुपये दिले.

स्टीरिओ काढण्यासाठी चपट्या चाव्या लागतात. त्या बाजूच्या फटींत सरकवल्या की आतली पकड सुटते आणि स्टीरिओ सरळ बाहेर येतो. हे काम दहा मिनिटांचे आहे. मात्र एक गोष्ट आधीच करून ठेवावी. बॅटरीची वायर काढली किंवा स्टीरिओचा वीजपुरवठा तुटला, तर पुन्हा जोडल्यावर पडद्यावर ‘सेफ’ ही अक्षरे येतात आणि चार आकडी कोड दिल्याशिवाय तो चालू होत नाही. दोनदा चुकीचा कोड पडला तर तासभर थांबावे लागते. गाडीच्या कागदपत्रांत तो कोड शोधून हाताशी ठेवल्याखेरीज कोणालाही स्टीरिओ उघडू देऊ नका.

खरी अडचण अ‍ॅडॉप्टर बसवून घरी आल्यावर सुरू झाली. गाडी बंद असताना आवाज निर्मळ होता. इंजिन सुरू केले आणि तानपुऱ्याच्या मागे एक बारीक शीळ ऐकू आली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तिची पट्टी चढे आणि पाय उचलला की उतरे. ज्यांनी मिरजेत तानपुऱ्याच्या तारा जुळताना ऐकल्या आहेत, त्यांना हे किती असह्य होते हे सांगायला नको. आलापाच्या सुरुवातीला फक्त तानपुरा आणि गवयाचा पहिला षड्ज असतो, आणि त्याच शांततेत ही शीळ गाडीच्या वेगाबरोबर सरकत राहते. गंमत म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका लावल्या की काहीच जाणवत नसे, कारण तबकडीची मूळ खरखर त्या शिळेला झाकून टाकत होती. त्यामुळे दुकानदाराने उडत्या चालीचे एखादे गाणे लावून ‘आवाज छान आहे ना’ असे विचारले, तर त्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही.

ही शीळ अल्टरनेटरची असते. अल्टरनेटर तीन फेजची वीज तयार करतो, डायोड तिची एकदिश वीज करतात, पण तिच्यात बारीक लहरी उरतात. 12 ध्रुवांच्या अल्टरनेटरमध्ये एका फेऱ्याला अशा 36 लहरी येतात. तो मिनिटाला 2,500 फेरे घेत असेल तर सेकंदाला साधारण 1,500 लहरी होतात, म्हणजेच कान जेथे सर्वांत जास्त तिखट असतो त्या पट्ट्याच्या जवळ आपण पोचतो. इंजिनाचा वेग वाढला की लहरीही त्याच प्रमाणात वाढतात. या लहरी गाडीच्या विजेत नेहमीच असतात. त्या आवाजात शिरतात तेव्हा आवाजाच्या वायरिंगमध्ये त्यांना कोठून तरी वाट मिळालेली असते.

मी आधी चुकीचा उपाय केला. आवाजाच्या वायरीत बसवायचा एक लहान आयसोलेटर आणला. त्यात दोन ट्रान्सफॉर्मर असतात आणि त्यांच्यामुळे दोन्ही बाजूंचे अर्थ एकमेकांपासून तुटतात. शीळ पूर्ण गेली हे खरे, पण त्याबरोबर तबल्यातल्या डग्ग्याची घुमकही गेली. स्वस्त ट्रान्सफॉर्मरच्या छोट्या गाभ्याला खालच्या पट्टीतला जोरदार आवाज पेलत नाही. विलंबित एकतालात समेवर पडणारा डग्गा एखाद्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर थाप मारल्यासारखा वाटू लागला. तीन आठवडे मी तसेच ऐकले आणि शेवटी तो काढून टाकला.

त्यानंतर मी दुसऱ्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. तिशीच्या आतला मुलगा, पण कामाला चोख. त्याने स्टीरिओ बाहेर काढला, मागे विजेरी धरली आणि अ‍ॅडॉप्टरपासून निघालेली एक काळी वायर बोटाने वर उचलून दाखवली. पहिल्या बसवणाऱ्याने ती डॅशबोर्डखालच्या एका बोल्टला पिळून बांधली होती. “काका, अर्थ दोन ठिकाणी दिलाय. निळ्या सॉकेटमधनं एक येतोयच की. हा सोडून बघू.” त्याने इंजिन चालू ठेवले, पंखा चारवर नेला, मला तानपुरा लावायला सांगितले आणि ती वायर बोल्टावरून सोडवली. शीळ त्याच क्षणी थांबली. वायर परत टेकवली की ती पुन्हा येत होती. आम्ही हे तीन-चार वेळा करून पाहिले. आवाजाचा अर्थ स्टीरिओजवळ एक आणि डॅशबोर्डच्या बोल्टावर दुसरा, असे दोन असल्यामुळे त्यांच्यामध्ये एक वेटोळे तयार झाले होते. पंख्याची आणि अल्टरनेटरची वीज पत्र्यातून परतताना दोन्ही ठिकाणांच्या विजेच्या दाबात किंचित फरक पडत होता आणि तो फरकच आवाज म्हणून ऐकू येत होता. त्या मुलाने वायरीचे टोक कापून त्यावर टेप गुंडाळली आणि फक्त 150 रुपये घेतले.

दुसरा त्रास फेब्रुवारीत झाला. घरातल्या एका लग्नामुळे गाडी 12 दिवस जागची हलली नव्हती, आणि नंतर चावी फिरवल्यावर स्टार्टरने नुसती टकटक केली. मल्टीमीटर लावून पाहिले तेव्हा गाडी बंद असतानाही 120 मिलिअ‍ॅम्पिअर वीज जात होती, अ‍ॅडॉप्टर काढल्यावर ती 20 वर आली. हिशोब सरळ आहे. 120 मिलिअ‍ॅम्पिअर म्हणजे दिवसाला जवळजवळ तीन अ‍ॅम्पिअर-तास, आणि 12 दिवसांत 35. तीन वर्षे वापरलेल्या बॅटरीला एवढे पुरे होते. अ‍ॅडॉप्टरची वीज कायम चालू राहणाऱ्या वायरीवरून घेतलेली होती, आणि तो आयपॉडला रात्रंदिवस चार्ज करत होता. आता ती वीज डॅशबोर्डच्या कडेच्या फ्यूजपेटीतून, चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या फ्यूजवरून घेतली आहे आणि मध्ये दोन अ‍ॅम्पिअरचा स्वतंत्र फ्यूज टाकला आहे. तेव्हापासून बॅटरीची तक्रार नाही.

रोजच्या वापरात अ‍ॅडॉप्टर कसा आहे, हेही सांगतो. स्टीरिओवरचे सीडीचे बटण दाबले की आयपॉड जागा होतो. सीडी 1 ते 5 म्हणजे मी आयपॉडवर आधी लावून ठेवलेल्या पाच याद्या, आणि सीडी 6 म्हणजे सगळा संग्रह. पुढचे-मागचे बटण बिनचूक चालते. पडद्यावर नाव येत नाही, फक्त सीडी आणि गाण्याचा क्रमांक येतो, आणि तोही 99 च्या पुढे जात नाही. चित्रपटगीते ऐकणाऱ्याला याचा जाच होईल. माझ्या एका यादीत पाच-सहा रागांपेक्षा जास्त काही नसते, त्यामुळे मी याद्या वेळेप्रमाणे लावल्या आहेत. पहाटे निघालो तर सीडी 1 वर सकाळचे राग आणि परतीच्या संध्याकाळी सीडी 4. खंबाटकीच्या घाटात शिरेपर्यंत पूरिया संपलेला असतो.

आवाज मला पूर्ण समाधान देतो. कुमार गंधर्वांचा स्वर अचानक तीव्र होऊन लगेच विरतो, तो कोठेही फाटत नाही. भीमसेनजींची खर्जातली घुमार आता छातीला जाणवते. इंजिनाच्या घरघरीतून जेवढे ऐकू येणे शक्य आहे, तेवढे सगळे येते.

एक दोष मात्र खरोखर मनाला लागला. पेट्रोल पंपावर गाडी बंद करून पुन्हा सुरू केली, की गाणे पहिल्यापासून सुरू होते. तीन मिनिटांच्या गाण्याला याने काही बिघडत नाही, पण 50 मिनिटांच्या ख्यालाची 38 मिनिटे ऐकून झाल्यावर पुन्हा पहिला षड्ज ऐकावा लागणे हा त्या गायनावर अन्याय वाटतो. विक्रेत्याला विचारले तर त्याच्याकडे उत्तर नव्हते. शेवटी उपाय आयट्यून्समध्ये, म्हणजे संगणकावरून आयपॉडमध्ये गाणी भरण्याच्या प्रोग्राममध्ये, सापडला. तेथे प्रत्येक फाइलच्या माहितीत ‘थांबलेली जागा लक्षात ठेव’ अशा अर्थाचा एक पर्याय असतो. लांब रागांच्या सगळ्या फाइलींना तो लावून ठेवल्यापासून गाणे जेथे तुटले तेथूनच पुढे चालू होते. यासाठी माझी एक अख्खी दुपार गेली, पण ती सत्कारणी लागली.

उन्हाळ्यात एक काळजी घ्यावी. आयपॉड बंद असताना 45 अंशांपर्यंतच ठेवावा, असे त्याच्या निर्मात्यांनी सांगितलेले आहे. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत पारा याच्या सहज वर जातो. माझ्या आयपॉडची जागा ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे, पण मार्च ते जून मी तो काढून पिशवीत घेऊनच गाडीतून उतरतो. रोजच्या या काढ-घालीने वायरीचा 30 पिनांचा तोंडाकडचा भाग सैल झाला होता आणि रस्ता खराब आला की एक बाजू बंद पडे. नवी वायर घेतली आणि तिला ताण पडू नये म्हणून बॉक्सच्या आतल्या कडेला पट्टीने बांधून टाकले. पावसाळ्यात कराडच्या पुढचा रस्ता खड्ड्यांनी भरलेला होता, तेव्हाही काही अडले नाही.

तुमच्या गाडीचा मूळ स्टीरिओ चांगला असेल, त्याला चेंजरचे सॉकेट असेल आणि तुम्ही लांब, सलग ऐकणारे असाल, तर हा मार्ग मी मनापासून सुचवेन. नावे बघून गाणी निवडण्याची सवय असेल, तर नवा स्टीरिओच घ्यावा. अ‍ॅडॉप्टर बसवून घेताना मात्र डॅशबोर्ड बंद करू देण्याआधी इंजिन चालू ठेवा, पंखा पूर्ण वेगात सोडा, दिवे लावा आणि नुसत्या तानपुऱ्याची एखादी फाइल पाच मिनिटे लावून अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू दाबून पाहा. शीळ आली तर आयसोलेटर विकत घेण्याआधी ती काळी वायर शोधायला सांगा.