वेब दुर्बिणीचा वेळ मागताना: कमी पार्श्वभूमीची अट घालावी की जादा तास मागावेत?

जेम्स वेबसाठी मध्य-अवरक्तातला प्रस्ताव लिहिताना हा पेच येतोच. एपीटीमध्ये, म्हणजे प्रस्ताव तयार करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, 'बॅकग्राउंड लिमिटेड'ची अट घातली, तर पार्श्वभूमी (लक्ष्याखेरीज आकाशातून आणि दुर्बिणीतून येणारा प्रकाश) किमान पातळीच्या आसपास असते त्याच दिवसांत निरीक्षण होतं. नाहीतर तारीख मोकळी सोडायची, पार्श्वभूमी चढीच धरायची आणि त्या हिशेबाने तास मागायचे. मी दोन्ही करून पाहिलं आहे.

अटीच्या बाजूने आधी बोलतो, कारण तिचा मोह खोटा नाही. साधारण १२ मायक्रॉन तरंगलांबीपर्यंत पार्श्वभूमीत मोठा वाटा राशिचक्रीय धुळीचा, म्हणजे सूर्यमालेत पसरलेल्या धुळीचा, आणि ती किती उजळ दिसेल हे सूर्यापासून किती अंशांवर बघतोय यावर ठरतं. वेबला ८५ ते १३५ अंशांच्या पट्ट्यातच बघता येतं. मघा ताऱ्याच्या दहाएक अंश दक्षिणेला असलेलं कॉसमॉस हे खूप अभ्यासलेलं आकाशाचं क्षेत्र घ्या. रविमार्गाजवळ असल्यामुळे ते वर्षातून दोनदा, दर वेळी सुमारे ५० दिवस दिसतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत पार्श्वभूमी उतरत जाते, एप्रिलच्या सुरुवातीपासून मेअखेरपर्यंत पुन्हा चढते. तारखेनुसार पार्श्वभूमी दाखवणाऱ्या जेबीटी या साधनाच्या आलेखाला 'बाथटब' म्हणतात ते या दोन भिंतींमुळे. अशा जागी १० मायक्रॉनला अंधुक काही शोधत असाल, तर अट घालायला माझी ना नाही.

माझं लक्ष्य मात्र अश्मंत (फोर्नॅक्स) तारकासमूहात होतं, रविमार्गापासून जवळजवळ ४५ अंशांवर. वेबवरच्या मिरी या मध्य-अवरक्त उपकरणातल्या एलआरएस या कमी विभेदनाच्या वर्णपटमापकाच्या स्लिटने, म्हणजे अरुंद फटीने, एका फिकट दीर्घिकेचा वर्णपट घ्यायचा होता आणि शेजारी एक तेजस्वी दीर्घिका होती. तिचा प्रकाश स्लिटमध्ये येऊ नये म्हणून स्लिटचा कोन ठरवून देणं भाग होतं. वेबवर कोन आपल्या मर्जीने निवडता येत नाही. सूर्यढाल सूर्याकडेच ठेवायची असल्याने दुर्बीण स्वतःभोवती काही अंशच वळू शकते, त्यामुळे कोन म्हणजे जवळजवळ तारीखच. मला हव्या त्या कोनाचे दिवस एका टोकाला आणि कमी पार्श्वभूमीचे दिवस दुसऱ्या टोकाला. दोन्ही अटी एकत्र टाकल्यावर हातात एकही दिवस उरला नाही. आठवडाभर कोन दोन-तीन अंशांनी इकडेतिकडे सरकवत बसलो, शेजारणीचा थोडा प्रकाश चालेल का याचे हिशेब पुन्हा मांडले. तो आठवडा खरं तर विज्ञानाच्या मजकुरावर जायला हवा होता, याची रुखरुख अजून आहे.

शेवटी पार्श्वभूमीची अट काढली. ईटीसीमध्ये (निरीक्षणाला लागणारा वेळ काढणाऱ्या गणकात) 'लो', 'मीडियम', 'हाय' हे पर्याय त्या लक्ष्याच्या दृश्य दिवसांतल्या पार्श्वभूमीचे अनुक्रमे १०वे, ५०वे आणि ९०वे शतमक आहेत. मी 'हाय' धरलं. पार्श्वभूमीचाच नॉइज वरचढ असेल, तर त्याच सिग्नल-टू-नॉइजसाठी (संकेत आणि गोंगाट यांच्या गुणोत्तरासाठी) लागणारा वेळ पार्श्वभूमीच्या प्रमाणात वाढतो: पार्श्वभूमी १.३ पट, तर ५ तासांचे साडेसहा. हा आकडा वेळ वाटणाऱ्या समितीपुढे उघडपणे मांडता येतो. अट घातली असती तर तिचंही समर्थन लिहावं लागलंच असतं.

आणि पुष्कळदा अटीने हाती काही लागतच नाही. १५ मायक्रॉनच्या पुढे दुर्बिणीची स्वतःची उष्णताच पार्श्वभूमी ठरवते, तारीख कुठलीही असो. निअरस्पेक या निकट-अवरक्त वर्णपटमापकाच्या उच्च विभेदनाच्या ग्रेटिंगला बहुतेकदा डिटेक्टरचाच नॉइज भारी पडतो. रविमार्गाच्या ध्रुवाजवळ तर बाथटब इतका उथळ असतो की निवडायला फारसं काही नसतं.

तुमचं लक्ष्य वेगळं असू शकतं, त्यामुळे जेबीटीत आलेख काढून किमान पातळीच्या १.१ पटीच्या आत किती दिवस येतात ते आधी मोजा, आणि त्यातले किती दिवस तुमच्या कोनाला चालतात तेही. भरपूर उरले तर अट घाला. मी मात्र सध्या लिहीत असलेल्या प्रस्तावातही तारीख मोकळीच ठेवली आहे, 'हाय' धरून.