जाड चड्ड्या आणि चड्डीला लावायचा गजर : सात महिने वापरून

मुलगा आठ वर्षांचा. आठवड्यातून पाच-सहा रात्री अंथरूण ओलं व्हायचं. सात महिन्यांपूर्वी दोन वस्तू घेतल्या: ओल शोषून घेणाऱ्या, धुऊन पुन्हा वापरायच्या पाच चड्ड्या आणि ओल लागली की वाजणारा गजर. घेण्याआधी वाचलेले बहुतेक अभिप्राय पहिल्या आठवड्यातले होते, 'पॅकिंग छान, कापड मऊ' छापाचे. पहिल्या आठवड्यात या वस्तूंचं काहीही कळत नाही, म्हणून एवढं थांबून लिहितोय.

आधी चड्ड्या. दिसायला साधी, जरा जाड चड्डी. अंगाला सुती थर, मध्ये मायक्रोफायबर आणि बाहेरून पीयूएल, म्हणजे कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा. पहिल्याच रात्री चादर चिंब. परत करायला निघालो होतो, तेवढ्यात चड्डी नळाखाली धरून पाहिली. पाणी आत मुरतच नव्हतं, अळवावरच्या थेंबासारखं घरंगळून जात होतं. कारण सापडलं: धुताना सवयीने फॅब्रिक सॉफ्टनर टाकला होता. त्याचा थर धाग्यांवर बसला की कापड शोषतच नाही. शिवाय नवं कापड तीन-चार धुण्यांनंतर कुठे नीट शोषायला लागतं. सॉफ्टनर बंद केला आणि आठवड्याभरात फरक दिसला.

तरी हिशेब आधीच करायला हवा होता. मुलांच्या मूत्राशयात साधारण किती मावतं याचं एक ढोबळ सूत्र आहे: वय अधिक एक, गुणिले ३०. आठ वर्षांच्या मुलाचे २७० मिलिलिटर झाले. आमच्या चड्डीवर लिहिलं होतं २००. म्हणजे मोठी खेप झाली तर मांडीकडून गळणारच. गादीवर वॉटरप्रूफ आवरण घालावंच लागतं. आणखी एक: मुलासाठी घेताना जाड भाग पुढे पार कमरेच्या इलास्टिकपर्यंत आला आहे का ते बघा. आमचं पोरगं पालथं झोपतं. 'मुलामुलींना एकच' म्हणून विकल्या जाणाऱ्या चड्डीचं सगळं पॅडिंग मधोमध होतं आणि भिजायचं मात्र पोट.

वास हा दुसरा विषय. लघवी तशीच राहिली की जंतू त्यातल्या युरियाचा अमोनिया करतात. चड्डी सकाळपर्यंत बादलीत पडली तर नंतर कितीही धुवा, जात नाही. काढल्या काढल्या थंड पाण्यातून पिळून घेतली तर प्रश्न उरत नाही. ड्रायरच्या गरम हवेने पापुद्रा सुटतो. पाचव्या महिन्यात दोन चड्ड्यांच्या मांडीच्या घडीवर जुन्या सेलोटेपसारख्या सुरकुत्या आल्या, त्या टाकल्या. तीन अजून धड आहेत.

पण या चड्ड्यांनी बरं काहीही होत नाही. त्यांच्यामुळे आपली झोप आणि चादर वाचते, एवढंच. पाकिटावर 'सवय लावणारी' वगैरे लिहिलेलं असलं तरी तिकडे लक्ष देऊ नका.

आता गजर. आमचा वायरचा आहे: ओल ओळखणारा चिमटा चड्डीला, वायर बनियनच्या आतून वर, वाजणारी डबी खांद्याला. पहिले तीन आठवडे अख्खं घर जागं व्हायचं आणि हा सोडून. मला वाटलं आवाज कमी पडतोय, पण तसं नव्हतं. या मुलांना मूत्राशय भरल्याची खूण झोपेत पोचत नाही, तसा सुरुवातीला गजरही पोचत नाही. मोठ्या माणसाने धावत जाऊन त्याला उठवायचं, बटण मात्र त्यानेच बंद करायचं. मग उभा राहून संडासात जायचं, उरलेली लघवी करायची, चड्डी बदलायची आणि चिमटा पुन्हा लावायचा. तो 'हो हो' म्हणायचा, भिंतीला धडकायचा आणि सकाळी विचारलं तर काल रात्री गजर वाजलाच नाही म्हणायचा. जो रात्री उठणार नाही त्याने गजर घेऊ नये, खर्च वाया जाईल.

एक गोम कुठल्याच माहितीपत्रकात नव्हती. जाड चड्डी आणि गजर एकमेकांचे वैरी आहेत. जाड चड्डी ओल इतकी झटकन ओढून घेते की चिमट्याला कळेपर्यंत खेळ संपलेला असतो. शेवटी आत साधी पातळ, घट्ट सुती चड्डी, तिला चिमटा आणि वरून जाड चड्डी अशी जोडी जमली. चिमटा सैल चड्डीला लावला तर अंगापासून दूर राहतो, आणि घामानेही कधी कधी खोटा गजर होतो. चिमटा रोज पुसला तर ते कमी होतं.

पाचव्या आठवड्यात पहिली खूण दिसली, तीही कोरड्या रात्रीची नव्हे. ताटाएवढा डाग वाटीएवढा झाला होता. म्हणजे तो अर्ध्यात थांबू लागला होता. अकराव्या आठवड्यात सलग १४ कोरड्या रात्री झाल्या आणि गजर थांबवला. तीन आठवड्यांनी पुन्हा सुरू झालं. वैतागलो, पण असं उलटणं नेहमीचं आहे. पुन्हा गजर लावला, या वेळी तीन आठवडेच लागले. गेले दोन महिने कोरडे आहेत.

सगळं श्रेय गजराला देता येणार नाही. डॉक्टरांनी आधी लघवी तपासून जंतुसंसर्ग आणि साखर नाही याची खात्री केली, आणि मग पोट दाबून पाहिलं. मला वाटायचं याला रोज साफ होते. प्रत्यक्षात आतडं भरलेलं होतं आणि त्याचा दाब शेजारच्या मूत्राशयावर येत होता. बद्धकोष्ठतेचं औषध काही आठवडे चाललं. दिवसा दर दोन-तीन तासांनी लघवीला जायचं, पाणी दिवसा भरपूर आणि झोपण्याआधी कमी. दिवसाची ती एकदम येणारी घाई यातच गेली.

घाईवरून आठवलं: शाळेबाहेर घालायला त्याला पट्टा आणि कडक बटणाची जीन्स हवी असायची. संडासाच्या दारात बटणाशी झटापट करत उड्या मारताना पाहिल्यावर सगळ्या पँट इलास्टिकच्या केल्या. साधी गोष्ट, पण दिवसाचे निम्मे अपघात तिथेच होत होते.

शिबिरासाठी तीन रात्री डेस्मोप्रेसिनची गोळी दिली, आधी घरी करून पाहून. तिने रात्री लघवी कमी तयार होते. गोळीआधी एक तास ते नंतर आठ तास पाणी घोटभरच, नाहीतर रक्तातलं सोडियम उतरू शकतं. गोळी थांबली की परिणामही थांबतो. शिबिरापुरती उत्तम.

नातेवाइकांनी दिलेली 'किडनी साफ करणारी' दोन सिरप तशीच परत केली. त्याच्या किडनीला काही झालेलंच नव्हतं. जळजळ, ताप, लघवीतून रक्त किंवा सहा महिने कोरडा राहून अचानक पुन्हा सुरू होणं असं असेल तर मात्र गजरबिजर विसरा आणि आधी डॉक्टर गाठा.

मधल्या एका रात्री, तिसऱ्यांदा चड्डी बदलताना, त्याने विचारलं, "बाबा, मी एकटाच असा आहे का?" तेव्हा सांगून टाकलं की मीसुद्धा नऊ वर्षांचा होईपर्यंत ओलं करायचो. आई-वडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या वर असते, मुलींपेक्षा मुलांत जास्त. हे आकडे त्याला सांगितले नाहीत. "आजीने मारलं का?" एवढंच त्याने विचारलं. हो म्हणालो. मग तो बराच वेळ चिमट्याशी खेळत बसला.

परवा गजर उघडून पाहिला तर बॅटरी गायब. ती त्याच्या खेळण्यातल्या गाडीत सापडली. परत मागितली नाही, नवी आणून ड्रॉवरमध्ये ठेवली आहे.